बंदूक कुरिअरने घरपोच येते का? बिबट्याच्या भीतीने मोबाइलवर शोधण्याआधी हे वाचा

रात्रीचे साडेअकरा झालेत. थ्री फेज लाइट आत्ता आलीय, म्हणजे दारं धरायला आत्ताच जावं लागणार. बाजूला डोक्याच्या वर गेलेला ऊस. हातात काठी, मोबाइलची टॉर्च आणि मनात बिबट्या. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चारही तालुक्यांत हे चित्र कुणाला नवं नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, मंचरला लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला, आणि गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाणाऱ्या बायकांचे फोटो देशभर फिरले.

अशा रात्री घरी येऊन कुणी मोबाइलवर 'बंदूक ऑनलाइन' असं शोधलं, तर त्यात आश्चर्य नाही. सर्चमध्ये काय काय येतं तेही तुम्ही पाहिलं असेल. एअरगनच्या जाहिराती, अमेरिकेतले 'अनबॉक्सिंग' व्हिडिओ, आणि इन्स्टाग्रामवर एखादं अकाउंट, 'ओरिजिनल माल, ऑल इंडिया कुरिअर, घरपोच'.

मग प्रश्न पडतो. मोबाइल येतो, फवारणीचा पंप येतो, मोटरचा स्टार्टर येतो. बंदूक पण कुरिअरने येते का? येत असेल तर कायदेशीर मार्ग कोणता? चला, नीट समजून घेऊया.

आधी थोडक्यात उत्तर

भारतात सामान्य माणसाच्या घरी बंदूक कुरिअरने येत नाही. परवाना असलेल्या माणसाच्या घरीसुद्धा नाही. कायदेशीर बंदूक परवानाधारक दुकानात, परवाना दाखवून, नोंद करून, स्वतः जाऊन घ्यावी लागते. 'घरपोच पाठवतो' म्हणणारा माणूस एकतर तुम्हाला फसवतोय, किंवा तुम्हाला गुन्ह्यात ओढतोय. तिसरी शक्यता नाही म्हटलं तरी चालेल.

हे असं का आहे, ते कळलं की पुढची फसवणूक ओळखणं सोपं जातं.

कायदा पार्सलकडे कसा बघतो?

आपल्याकडे शस्त्रांचा मूळ कायदा आहे शस्त्र अधिनियम, १९५९. त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. कायद्याचं कलम ३ सरळ सांगतं की परवान्याशिवाय बंदूक 'मिळवायची' नाही, 'ताब्यात ठेवायची' नाही आणि 'बाळगायची' नाही. दारूगोळ्यालाही हेच लागू. म्हणजे एक काडतूससुद्धा परवान्याशिवाय जवळ ठेवता येत नाही.

यातला 'मिळवणे' हा शब्द लक्षात ठेवा. आपल्याला वाटतं, वस्तू हातात आली की ती आपली. पण तुम्ही ऑर्डर दिली, पैसे पाठवले, पत्ता दिला, तर बेकायदा शस्त्र मिळवण्याची पावलं तुम्हीच टाकली असं दिसतं. आणि 'ताबा' म्हणजे फक्त हातात असणं नाही. १९७२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात स्पष्ट केलं होतं की शस्त्र प्रत्यक्ष जवळ नसलं, तरी माणसाला त्याची जाणीव असेल आणि त्यावर त्याचं नियंत्रण असेल, तर तो ताबाच. 'पार्सल मित्राच्या पत्त्यावर मागवलं होतं, माझ्याकडे काही नव्हतं' हा बचाव इथेच ढासळतो.

शिक्षा किती? २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगली तर किमान २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद, शिवाय दंड. प्रतिबंधित प्रकारातलं शस्त्र असेल तर शिक्षा याहून खूप मोठी. बेकायदा बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत.

परवाना हा फक्त कागद राहिलेला नाही. प्रत्येक परवानाधारकाला एक युनिक आयडेंटिफिकेशन नंबर म्हणजे 'यूआयएन' मिळतो आणि त्याची नोंद देशाच्या शस्त्र परवान्यांच्या डेटाबेसमध्ये असते. या व्यवस्थेचं नाव 'एनडीएएल', आणि अर्ज करायच्या ऑनलाइन प्रणालीचं नाव 'एएलआयएस'. तुमच्या गाडीची जशी आरसीवर नोंद असते, तसं परवान्यावर कोणतं शस्त्र, कोणता नंबर हे लिहिलेलं असतं. दुकानदार विकताना तिथे नोंद करतो. कुरिअरवाल्या पोराला ही नोंद करायचा अधिकार नाही. त्यामुळे दारात आलेली बंदूक कितीही 'ओरिजिनल' असली तरी कायद्याच्या नजरेत ती बेवारसच.

पार्सलचा प्रवास: हबमध्ये काय होतं?

अनेकांना वाटतं, पॅक केलेलं खोकं कोण उघडून बघतं? उघडायची गरजच पडत नाही. मोठ्या कुरिअर हबमध्ये, आणि विमानाने जाणाऱ्या मालासाठी तर नक्कीच, एक्स-रे मशीन असतं. हे मशीन दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे किरण वापरतं. कोणती वस्तू किती किरण अडवते यावरून पडद्यावर रंग उमटतात. कपडे, कागद, खाद्यपदार्थ अशा गोष्टी साधारण नारिंगी दिसतात. लोखंड-पोलाद निळं दिसतं. दोन्हींच्या मधलं हिरवं. म्हणजे साडीच्या घडीत गुंडाळलेली नळी पडद्यावर नारिंगी ढगात निळ्या काठीसारखी उठून दिसते.

हे पुणे जिल्ह्यातच घडलेलं आहे. एप्रिल २०२२ मध्ये दिघीतल्या एका कुरिअर गोदामात एक्स-रे तपासणीत संशय आला आणि पिंपरी-चिंचवड पोलिसांनी पंजाबहून आलेल्या लाकडी खोक्यांतून ९७ तलवारी जप्त केल्या. मंचरहून आळंदीमार्गे पुण्यात येताना जे दिघी लागतं, तेच हे. त्याआधी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद शहरात पोलिसांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू पकडले होते. ज्यांनी मागवले त्यांच्यापर्यंत पोलिस कसे पोचले? पार्सलवर नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर होताच.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. चोरटा व्यवहार करणारा माणूस निदान माग राहू नये म्हणून धडपडतो. ऑनलाइन मागवणारा स्वतःचाच माग तयार करत जातो. चॅट, यूपीआयचा व्यवहार, ट्रॅकिंग नंबर, डिलिव्हरीचा ओटीपी. हे सगळं पुरावा म्हणून वापरता येतं. चॅट डिलीट केलं तरी बँकेची नोंद डिलीट होत नाही.

पोस्टाने पाठवलं तर? टपाल खात्यासाठी आता पोस्ट ऑफिस कायदा, २०२३ लागू आहे. सार्वजनिक सुरक्षेसाठी किंवा कायद्याचा भंग होत असेल तर अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याला टपालातली वस्तू अडवता, उघडता आणि रोखून ठेवता येते. त्यामुळे 'स्पीड पोस्ट सेफ आहे' हीसुद्धा अफवाच.

पण अमेरिकेत तर घरी येते ना?

यूट्यूबमुळे झालेला हा सगळ्यात मोठा गैरसमज. व्हिडिओत माणूस खोकं फोडतो आणि बंदूक बाहेर काढतो. आधी काय झालं ते व्हिडिओत नसतं.

अमेरिकेत एके काळी बंदूक खरंच टपालाने यायची. मासिकातलं कूपन कापायचं, पैसे जोडायचे, पाठवायचं. १९२७ मध्ये तिथल्या संसदेने पिस्तुलं टपालाने पाठवण्यावर बंदी आणली, पण लांब नळीच्या रायफली सुटल्या. मार्च १९६३ मध्ये ली हार्वे ऑस्वाल्डने खोट्या नावाने शिकागोच्या एका दुकानातून अशीच एक रायफल मागवली. किंमत २० डॉलरच्या आत. ती डॅलसच्या एका पोस्ट बॉक्सवर आली. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला त्याच रायफलने राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांची हत्या झाली. पुढे १९६८ च्या गन कंट्रोल कायद्याने ग्राहकाच्या घरी दुसऱ्या राज्यातून बंदूक पाठवायचा रस्ता बंद झाला.

आज तिथे वेबसाइटवर बंदूक विकत घेतली तरी ती जाते घराजवळच्या परवानाधारक विक्रेत्याकडे. ग्राहक तिथे जातो, फॉर्म भरतो, त्याची पार्श्वभूमी तपासली जाते, मग बंदूक हातात मिळते. यूपीएस आणि फेडेक्स या बड्या कुरिअर कंपन्या सामान्य ग्राहकाकडून बंदुकीचं पार्सल घेतच नाहीत. परवाना असलेल्या आणि कंपनीशी खास करार केलेल्या व्यावसायिकांचंच घेतात. म्हणजे बंदुकांच्या बाबतीत सगळ्यात मोकळ्या समजल्या जाणाऱ्या देशातसुद्धा पार्सल परवानाधारकाकडून परवानाधारकाकडे जातं. मधे कुणीतरी जबाबदार माणूस उभा असतो.

मग भारतात कायदेशीर बंदूक प्रवास कसा करते?

कारखान्यातून दुकानात: शस्त्र बनवणारा परवानाधारक, विकणारा परवानाधारक, आणि मधली वाहतूक कागदपत्रांसह. पुण्यात खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. तिथला माल काही साध्या कुरिअरच्या पिशवीतून बाहेर जात नाही.

दुकानातून ग्राहकाकडे: आधी परवाना, मग खरेदी. ग्रामीण पुणे जिल्ह्यासाठी, म्हणजे जुन्नर-आंबेगावसाठीही, परवाना देणारे अधिकारी जिल्हाधिकारी. पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत हा अधिकार पोलिस आयुक्तांचा. अर्जदाराचं वय किमान २१ हवं. नेमबाजीच्या सरावासाठी त्याहून लहान मुलांना देखरेखीखाली सरावाची वेगळी तरतूद आहे. पोलिसांची चौकशी होते, सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. परवाना मिळाला की त्यावर मुदत असते आणि हद्द लिहिलेली असते. एका माणसाला आता जास्तीत जास्त २ बंदुका ठेवता येतात. आधी ही मर्यादा ३ होती.

एका गावाहून दुसऱ्या गावी: परवानाधारकाने स्वतः, परवाना सोबत ठेवून, परवान्यावर लिहिलेल्या हद्दीत न्यायची. परवाना फक्त महाराष्ट्रापुरता असेल तर गोव्याच्या सहलीला ती गाडीत टाकता येत नाही.

विमानाने: परवानाधारकाला नेता येते, पण केबिनमध्ये नाही. गोळ्या काढून, विमान कंपनीला आधी सांगून, कागदपत्रं दाखवून, चेक-इन सामानात. नेमबाज असाच प्रवास करतात. पॅरिस ऑलिंपिक २०२४ मध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकणारा कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे पॅरिसला जातो, तेव्हा त्याच्या रायफलीसोबत कागदांची फाइलही जाते.

आता एक अगदी घरगुती उदाहरण. समजा घोडेगावजवळच्या एका वाडीत आजोबा होते, फौजेतून निवृत्त, त्यांच्याकडे परवान्याची बारा बोअर होती. आजोबा गेले. नातू हिंजवडीत नोकरीला. वडील म्हणतात, 'तुझ्याकडे पाठवून देऊ का, इथे घरात कोण नसतं.' ही बंदूक कुरिअरने पाठवली तर? पाठवणारे वडील आणि घेणारा नातू, दोघंही विनापरवाना. परवाना आजोबांच्या नावाचा होता, तो त्यांच्यासोबत संपला. बरोबर मार्ग असा: बंदूक उशीर न करता जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करायची, पावती घ्यायची, आणि घरातल्या एकाला ठेवायची असेल तर वारस म्हणून परवान्याचा अर्ज करायचा. आजोबा हयात असताना, त्यांचं वय ७० झालं असेल किंवा बंदूक २५ वर्षं त्यांच्याकडे असेल, तरी वारसाच्या नावाने अर्ज करता येतो. निवडणुकीत बंदुका ठाण्यात जमा होतात हे गावात सगळ्यांना माहीत असतं. माणूस गेल्यावरही ती जमा करायची असते, हे मात्र बरेच जण विसरतात.

एअरगन, तलवार, कार्बाइड गन: 'ही तर चालते ना?'

एअरगन: २०१६ च्या नियमांनुसार ४.५ मिलिमीटर म्हणजे .१७७ बोअरपर्यंतच्या आणि २० जूलपेक्षा कमी ताकदीच्या एअरगनला बंदुकीसारखा परवाना लागत नाही. त्याहून मोठ्या बोअरची किंवा जास्त ताकदीची असेल तर लागतो. म्हणून साइटवर दिसली की लगेच 'बाय नाऊ' दाबू नका. बोअर किती, ताकद किती जूल, हे लेखी बघा. विक्रेता ओळखपत्र मागत असेल तर वैतागू नका, ते चांगलं लक्षण आहे. आणि कायदेशीर एअरगन घेऊनही वन्यप्राण्यांवर किंवा पक्ष्यांवर चालवली तर वन्यजीव कायदा आडवा येतो. बिबट्याच्या बाबतीत तर ती उलटी अंगाशी येईल. छऱ्याने बिबट्या मरत नाही, जखमी होतो, आणि जखमी बिबट्यासमोर तुम्ही उभे असता.

तलवार: आपल्या भागात हा प्रश्न फेब्रुवारीत येतो. शिवनेरी आपल्या डोळ्यांसमोर, १९ तारखेला शिवजयंती, मिरवणुकीत हातात तलवार हवी असं पोरांना वाटतं. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची, घरकाम, शेती, उद्योग अशा कामांसाठी नसलेली धारदार हत्यारं शस्त्रांच्या यादीत आहेत. कोयता उसात असला तर अवजार आहे. तोच कोयता जमावबंदीच्या काळात चौकात मिरवला तर पोलिस कारवाई करतात. 'शोभेची वस्तू' असं साइटवर लिहिलेलं असणं हे संरक्षण नाही. दिघीत पकडलेल्या तलवारीही कुणीतरी साध्या पार्सलसारख्याच बुक केल्या होत्या.

कार्बाइड गन: पीव्हीसी पाइप, कॅल्शियम कार्बाइड, पाणी आणि लायटर. माकडं, पाखरं आणि बिबट्या हाकलायला म्हणून याचे रील फिरतात. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात याच गनने कितीतरी मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या. काहींची दृष्टी गेली. स्वस्त आहे, सहज मिळते, म्हणून सुरक्षित आहे असं अजिबात नाही.

'ऑल इंडिया डिलिव्हरी' वाला नेमकं काय करतो?

आता इन्स्टाग्राम-टेलिग्रामवरच्या त्या अकाउंटकडे येऊ. समजा ओतूरच्या एका पोराने मेसेज केला. पुढे साधारण असं होतं.

१. समोरून लगेच फोटो आणि व्हिडिओ येतात. बऱ्याचदा ते दुसऱ्याच कुणाच्या व्हिडिओतून उचललेले असतात.

२. 'कॅश ऑन डिलिव्हरी आहे, फक्त बुकिंगचे १,००० पाठव.' रक्कम मुद्दाम छोटी असते.

३. पैसे गेले की पॅक केलेल्या खोक्याचा फोटो आणि एक खोटा ट्रॅकिंग नंबर येतो.

४. मग 'चेकपोस्टवर अडकलंय, ५,००० लागतील', 'जीएसटी भरावा लागेल', 'परवान्याचं काम पण करून देतो, १०,०००.'

५. पोरगा थांबला की सूर बदलतो. 'तुझे चॅट आमच्याकडे आहेत. पोलिसांना पाठवू का?' कधी त्याच टोळीतला दुसरा माणूस 'इन्स्पेक्टर' बनून व्हिडिओ कॉल करतो.

ही फसवणूक चालते ती एकाच कारणाने. ज्याला लुटलं तो तक्रार करायला घाबरतो, कारण त्याने बेकायदा वस्तू मागवायचा प्रयत्न केलेला असतो. ठगाला हे आधीपासून माहीत असतं. म्हणूनच तो बंदुकीची जाहिरात करतो, कुकरची करत नाही.

असं कुणाचं झालं असेल तर पैसे पाठवणं तिथल्या तिथे थांबवा. चॅट आणि स्क्रीनशॉट डिलीट करू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, 'सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन' वर तक्रार नोंदवा, आणि घरातल्या मोठ्या माणसाला घेऊन वकिलाचा सल्ला घ्या. लपवत बसलं की रक्कम वाढत जाते. पैसे गेल्यावर जितक्या लवकर १९३० ला कळवाल, तितकी ते खात्यात गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

याच्या उलटा प्रकारही आहे. 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये शस्त्र सापडलंय, व्हिडिओ कॉलवर हजर राहा, नाहीतर डिजिटल अरेस्ट.' भारतीय कायद्यात 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्टच नाही. फोन कापा. असे नंबर 'संचार साथी' वरच्या 'चक्षू' सुविधेत कळवता येतात. आणि खरंच अनोळखी, संशयास्पद पार्सल दारात आलं तर ते उघडू नका, हलवू नका, ११२ ला फोन करा. न मागवलेल्या वस्तूची माहिती स्वतः देणं हाच तुमचा सगळ्यात मजबूत बचाव.

परवाना मिळाला, तर बिबट्याचा प्रश्न सुटेल?

शेतकऱ्यांसाठी कायद्यात जागा आहे, हे खरं. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा, आणि संरक्षणासाठी किमान २० इंच नळीच्या साध्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. गरज खरी असेल तर अर्ज जरूर करा. तो तुमचा हक्क आहे.

पण पीक राखणं वेगळं आणि बिबट्या मारणं वेगळं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये बिबट्या अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे सर्वोच्च संरक्षणात. माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेल्या बिबट्याला मारायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात. पिंपरखेडला २०२५ मध्ये बिबट्या गोळी घालून मारला गेला, तो अशी परवानगी घेऊन, वन विभागाच्या पथकाने. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, सद्भावनेने प्राणी मारला गेला तर कायदा त्याला गुन्हा मानत नाही. पण 'आला की मारू' म्हणून बंदूक घेऊन बसणं म्हणजे शिकार. त्याला ३ ते ७ वर्षं कैद आहे. आणि ती बंदूक विनापरवाना असेल, तर जीव वाचला तरी शस्त्र कायद्याचा खटला वेगळा उभा राहतो.

शिवाय व्यवहाराचं बोलू. बिबट्या मागून येतो, दबून येतो, खाली वाकलेल्या माणसावर किंवा लहान मुलावर येतो. अंधारात, एका हातात खोरं असताना, दोन सेकंदांत नेम धरणारा माणूस कोण? त्याच उसात पलीकडे दुसरं कुणी पाणी देत असेल, तर गोळी कुठे जाईल?

मग मोबाइलचा खरा उपयोग काय?

तुमच्या खिशातला फोन या भांडणात बंदुकीपेक्षा जास्त कामाचा आहे. आज रात्रीच हे करून ठेवा.

- १९२६ (वन विभागाची हेल्पलाइन) आणि ११२ हे नंबर सेव्ह करा. घरातल्या आजीच्या साध्या फोनमध्येही करा. आपल्या वनपरिक्षेत्र कार्यालयाचा नंबरही घेऊन ठेवा.
- बिबट्या किंवा ताजे ठसे दिसले तर फोटो, वेळ आणि लोकेशन वन विभागाला पाठवा. पिंजरा लावायची मागणी करताना ही नोंद कामाला येते.
- जुने व्हिडिओ 'आत्ता आपल्या गावात' म्हणून फॉरवर्ड करू नका. खोट्या बातमीमागे पथक धावलं की खऱ्या ठिकाणी उशीर होतो.
- दारं धरायला एकट्याने जाऊ नका. जाताना फोनवर गाणी मोठ्याने लावा, बोलत राहा. घरच्यांना लाइव्ह लोकेशन द्या. टॉर्च मात्र वेगळी, मोठी घ्या, फोनची बॅटरी कॉलसाठी राखा.
- जनावर मारलं गेलं तर हलवण्याआधी फोटो काढा आणि लगेच वन विभागाला कळवा. नुकसानभरपाईसाठी पंचनामा लागतो.
- दिवसा थ्री फेज लाइट मिळावी ही मागणी ग्रामसभेत लावून धरा, ठरावाची प्रत काढून ठेवा.

पिंजऱ्यात सापडलेला बिबट्या जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या निवारा केंद्रात नेतात. त्यासाठी वन विभागाची गाडी, पिंजरा, कर्मचारी आणि कागद, सगळं सोबत जातं. बंदुकीचंही तसंच आहे. ज्या वस्तूने जीव जाऊ शकतो, ती एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाताना सोबत जबाबदार माणूस आणि त्याच्या नावाचा कागद हवा. खोक्यावर पत्ता चिकटवून ते होत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुठल्या ग्रुपवर 'घरपोच मिळेल' असा मेसेज आला, तर एकच प्रश्न विचारा: विकणाऱ्याचा परवाना नंबर काय, आणि माझ्या परवान्यावर नोंद कोण करणार? बहुतेक वेळा समोरचा तिथेच ब्लॉक करेल. रात्री उसाकडे एकटं जाणारा मित्र असेल तर हा लेख त्याला पाठवा, आणि जमलं तर आज त्याच्यासोबत जा.